इगा खोऱ्यातली विस्तवाची नळी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची नळी आहे. वीतभर लांब, मनगटाहून बारीक, एका टोकाला टोपण आणि टोपणाला बारीक भोके. माझ्या अंगावर मधोमध एक पोचा आहे आणि त्या पोच्यातून शिवणीपर्यंत गेलेली एक चीर आहे. आता मी काचेच्या कपाटात पडून असते. शेजारच्या पाटीवर माझ्याबद्दल लिहिले आहे : ‘शिनोबींची विस्तव नेण्याची नळी. शिवण उसवून पाणी शिरल्याने निकामी.’ येणारी मुले ते मोठ्याने वाचतात आणि पुढच्या कपाटातल्या तलवारीकडे धावतात. मला तलवारीचा हेवा नाही. पण ते ‘पाणी शिरल्याने’ मला फार लागते. शेकडो वर्षे लागते आहे. आज तुम्ही थांबलाच आहात, तर माझी बाजूही ऐकून घ्या.

माझा जन्म इगा खोऱ्यातला. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये भाताची खाचरे, आणि खाचरांच्या कडेला मातीचे उंच कोट घातलेली घरे. आमच्याकडे कुणी मोठा सरदार नव्हता. होते ते लहान लहान सामुराई, स्वतःच्या शेतात राबणारे आणि कमरेला तलवार लावणारे. कोटाला कोट लागून, त्यामुळे भांडणांना तोटा नव्हता. शेजाऱ्याच्या कोटात चोरपावलांनी शिरायचे, त्याचे बेत ऐकायचे, त्याचा चारा पेटवून द्यायचा, आणि सकाळी काही झालेच नाही अशा चेहऱ्याने त्याच्याशी पाटाच्या पाण्यावरून वाद घालायला जायचे. डोंगरातून फिरणाऱ्या जोग्यांनी या माणसांना आडवाटा दाखवल्या, औषधी मुळ्या ओळखायला शिकवल्या. असे करता करता ही माणसे या कामात एवढी तरबेज झाली की दूरदूरचे सरदार त्यांना मोल देऊन बोलावू लागले. हेच ते शिनोबी. निंजा हे नाव पुष्कळ नंतरचे. आमच्या वेळी ते कुणाच्या तोंडी नव्हते.

तुम्हाला वाटत असेल, सामुराई वेगळे, शिनोबी वेगळे आणि दोघांचे हाडवैर. काय सांगू! आमचे धनी सावामुरा याहेइ सणाला दोन तलवारी लावून देवळात पहिल्या रांगेत बसत, आणि काम आले की त्याच तलवारी खुंटीला अडकवून लाकूडविक्याच्या वेषात घाट उतरत. माणूस एकच, कपडे दोन.

माझा मालक मात्र सामुराई नव्हता. त्याचे नाव ह्योसुके. तो याहेइंचे शेत कसायचा, त्यांच्या हाताखाली शिनोबीचे काम करायचा, आणि त्याला आडनावसुद्धा नव्हते. लग्न झाल्यावर त्याने गावच्या तांबटाकडून फुटक्या घंगाळाच्या पत्र्यातून मला घडवून घेतले. तांबटाने माझी शिवण इतकी पक्की बसवली की पाणी भरून रात्रभर उभी टांगली तरी थेंब गळत नसे. हे ध्यानात ठेवा.

माझ्या पोटात विस्तव राहायचा. धगधगता नव्हे, मंद, चोरटा, दिवसभर टिकणारा. शिनोबी मला फडक्यात गुंडाळून अंगरख्याच्या आत छातीशी धरायचा. थंडीत मी त्याला ऊब द्यायचे आणि वेळ आली की आग. चकमक झाडायला नको, आवाज नको. माझ्या पोटातले सारण ह्योसुकेची बायको सायो भरायची. वांग्याची वाळलेली झाडे जाळून केलेला कोळसा, देवदाराच्या सालीचा भुगा, आणि तांदळाची पेज घालून वळलेल्या घट्ट कांड्या. सगळ्या खोऱ्यात असेच भरत. सायो त्यात आणखी एक गोष्ट घालायची, युझू लिंबाची वाळवलेली साल. तिची आई घालायची म्हणून ती घालायची. तिच्या माहेराखेरीज असे कुणी करत नसे.

सायोला एक धाकटा भाऊ होता, तोराजी. एके वर्षी भाताच्या लावणीआधी तो कुणाच्या तरी चाकरीला निघून गेला. कुणाच्या, ते विचारायची सोय नव्हती. शिनोबी कुणासाठी काम करतो ते काम संपेपर्यंत घरी सांगत नाही, असा आमच्याकडचा रिवाजच होता. तोराजीचा निरोप नाही, वार्ता नाही. सायो रोज जेवताना त्याच्या वाटणीचा मुळा बाजूला ठेवायची आणि मग स्वतःच खाऊन टाकायची. ह्योसुके ते पाहायचा आणि मान खाली घालून राळ्याचा भात गिळायचा.

आणि एके दिवशी ह्योसुकेचे नशीब उघडण्याची वेळ आली. घाटापलीकडची एक गढी घ्यायची होती. एका बाहेरच्या सरदाराने याहेइंना मोल देऊन बोलावले होते. त्याआधी खोऱ्यातल्या सगळ्या घरांनी मिळून देवापुढे एक करार केला होता : शत्रू खोऱ्यात शिरला तर गावोगाव घंटा वाजवायच्या आणि सगळ्यांनी धावून यायचे, आणि कुणा साध्या शेतकऱ्याने परमुलखातली गढी घेऊन दाखवली, तर त्याला सामुराई करायचे. ह्योसुकेने गढीत शिरून चारा पेटवायचा, धूर दिसताच रानात दबा धरून बसलेल्या फौजेने चाल करायची, असे ठरले. हे जमले तर त्याला आडनाव मिळणार होते, आणि दोन तलवारी.

सायो मला भरत होती. “अहो, आडनाव काय घेणार?”

“बघू.”

“वांगे घ्या. घरात तेच तर शिजतं.”

ह्योसुके हसला. टोपण घट्ट बसवून तिने मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, “वाटेत कुठे तोराजी दिसला तर...”

“एवढ्या मोठ्या मुलखात कसा दिसेल गं?”

“दिसला तर, म्हटलं.”

निघण्याआधी ह्योसुकेने आंघोळ केली. लसूण आणि पातीचा कांदा त्याने आधीपासूनच सोडला होता, कारण वासाने माणूस पकडला जातो. याहेइंनी स्वतः त्याचे तोंड हुंगले, केस हुंगले, अंगरख्याच्या बाह्या हुंगल्या आणि मान डोलावली. मला कुणी हुंगले नाही. विस्तवालाही घराचा वास असतो हे त्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

रात्री काळ्या कपड्यांत छपरांवरून उड्या मारण्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आम्ही गेलो ते भर दुपारी, झिमझिम पावसात, पाठीवर लाकडाच्या मोळ्या घेऊन, मुख्य दरवाजाने. दरवाजावर दोन पहारेकरी होते. प्रत्येक माणसाची झडती चालली होती.

“ए मोळीवाल्या, चकमक आहे का जवळ?”

“चकमक कशाला, धनी? घरी चूल बायको पेटवते.”

पहारेकऱ्याने त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि तो हात माझ्यावर येऊन थांबला. फडक्यात मला काही दिसत नव्हते मित्रांनो, पण छातीशी असल्यामुळे ह्योसुकेचे काळीज मला लख्ख ऐकू यायचे. ते एकदम थबकले.

“हे गरम काय आहे?”

“पोट शेकायचं आहे, धनी. दगड तापवून घेतलाय. सकाळपासून मुरडा उठलाय नुसता.”

“सोड बघू फडकं.”

“सोडतो की. पण दगड गार पडला म्हणजे मला लगेच बसावं लागतं. मग इथेच बसेन हो, या दारात.”

दुसरा पहारेकरी खो खो हसला. “जाऊ दे रे त्याला! सारवायला मी नाही येणार.” पहिल्याने ह्योसुकेला मानेला धरून आत ढकलले. बराच वेळ त्याचे काळीज माझ्या पत्र्यावर थाडथाड आपटत राहिले.

मुदपाकखान्यामागे मोळ्या टाकून तो चाऱ्याच्या वखारीत शिरला. गवत छपरापर्यंत रचलेले, वखारीची भिंत लाकडी बुरुजाला चिकटलेली. इथे ठिणगी पडली की बुरुज गेलाच. संध्याकाळची देवळातली घंटा होण्याआधी धूर दिसायला हवा होता. त्याने मला बाहेर काढले, टोपण उघडले आणि हलकेच फुंकर घातली. माझ्या पोटातला विस्तव जागा झाला. धुराची बारीक रेघ वर गेली आणि तिच्याबरोबर युझूच्या सालीचा वास.

तेवढ्यात दाराशी भाला खणकला.

“कोण आहे रे आत? हात दिसू देत!”

ह्योसुके दगडासारखा झाला. दारातला माणूस एक पाऊल पुढे आला आणि थांबला. त्याने नाकाने श्वास ओढला. पुन्हा ओढला. भाल्याचे टोक हळूहळू खाली आले.

“दाजी?” तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

तो तोराजी होता. वखारीचा पहारा त्याच्याकडे होता.

“अक्का अजून त्यात युझू घालते?” त्याने विचारले.

“आई घालायची म्हणते.” ह्योसुके म्हणाला. “तू इथे काय करतोस?”

“तुम्ही करता तेच. बोलावलं त्याचं काम करतो.”

“चल माझ्याबरोबर. मी पेटवतो आणि आपण दोघं मागच्या कुंपणावरून उड्या टाकू. फौज रानातच आहे.”

“नाही दाजी.”

“का नाही?”

“हिवाळ्यात तापाने फणफणलो होतो. या गढीचा धनी रोज उशाशी येऊन बसायचा. मी भाड्याचा माणूस, हे त्याला ठाऊक होतं. तरी पेज पाजायचा. खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही?”

“आपण शिनोबी, तोराजी. आपल्याला कसलं आलंय मीठ!”

“हे तुम्ही बोलताय? दोन तलवारींसाठी झुरणारे?”

ह्योसुकेला ते झोंबले. “मग ओरड ना! पहारेकरी आहेस ना? घाल हाळी!”

तोराजीने दाराबाहेर पाहिले. पावसात कुणीतरी घोडे पाण्यावर नेत होते. “घालायला हवी,” तो म्हणाला. “पण अक्काला काय तोंड दाखवू? आणि तुम्ही पेटवलंत, तर या दाराचा पहारा माझा. माझं मुंडकं याच चौकटीला टांगतील. हे बघा, मी पाठ करून उभा राहतो. काय करायचं ते तुम्ही करा. पण लवकर. पाळी बदलायची वेळ झालीय.”

आणि तो खरेच पाठ फिरवून उभा राहिला.

ह्योसुकेच्या बोटांना घाम फुटला होता. मी त्याच्या मुठीत घसरत होते. त्याने मला गवताजवळ नेले आणि फुंकर घातली. खरे सांगते, मी लाल झाले. त्यासाठीच तर माझा जन्म होता; आग लावण्याखेरीज मला दुसरे काही शिकवलेच नव्हते. गवताची एक काडी पेटली, वळली, शेजारच्या काडीकडे झुकली. तोराजीच्या मानेवरची शीर ताठ झाली, पण त्याने मागे वळून पाहिले नाही. ह्योसुकेच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी काय आले असेल, तलवारी आल्या असतील की बाजूला काढून ठेवलेला मुळा, मला माहीत नाही. त्याने ती जळती काडी दोन बोटांत चिरडली.

दारापाशी पावसाच्या पाण्याचे पिंप होते. त्याने मला उघड्या तोंडाने त्यात बुडवले आणि बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरले. मी विझले.

“भात नीट खात जा,” तो तोराजीला म्हणाला.

“अक्काला सांगू नका मी इथे आहे. काम संपेपर्यंत सांगायचं नसतं.”

“माहीत आहे.”

दरवाजावर त्याच पहारेकऱ्याने पुन्हा त्याच्या छातीवर हात ठेवला. “गार पडला की रे तुझा दगड!” ह्योसुके म्हणाला, “पोट बरं झालं, धनी.” आणि आम्ही बाहेर पडलो.

रानात याहेइ वाट पाहत होते. त्यांच्याजवळ सरदाराचा कारभारी घोड्यावर बसला होता. चकचकीत टोप, कोरडे कपडे, चेहऱ्यावर आमच्याबद्दलची किळस. देवळातली घंटा होऊन गेली होती आणि धूर दिसला नव्हता.

“विस्तव विझला,” ह्योसुके म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला.

“विझला की विकला?” कारभारी गरजला. “या चोरट्यांचा काय भरवसा! दाखव ती नळी. खोटं निघालं तर इथेच डोकं उडवतो.”

याहेइंनी पुढे होऊन मला आधी स्वतःच्या हातात घेतले. टोपण उघडले. तळहातावर काळे पाणी सांडले. त्यांनी ते हुंगले. तरुणपणी सायोच्या बापाबरोबर त्यांनी कितीतरी घाट तुडवले होते. तिच्या माहेरचा तो वास त्यांना परका नव्हता, आणि त्या घरचा पोरगा कुठल्यातरी गढीत चाकरीला असणार हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी एकदा ह्योसुकेकडे पाहिले. ह्योसुकेने मान वर केली नाही. नळी कशी विझली आणि गढीत कोण होते, हे दोन्ही त्यांना त्या एका नजरेत कळले असावे. मग ते कारभाऱ्याकडे पाठ करून उजेडात मला निरखू लागले, आणि बाहीच्या आडून त्यांच्या तलवारीची मूठ माझ्यावर जोरात आदळली. माझी शिवण फाटली.

“हे घ्या,” मला पुढे करत ते म्हणाले. “शिवण उसवलीय. पाणी शिरलं. नळीच फुसकी निघाली.”

कारभाऱ्याने चिरेवरून बोट फिरवले. “चोरांची हत्यारंही चोरांसारखीच,” तो थुंकला आणि त्याने मला चिखलात फेकले. सावामुरा घराण्याच्या सामुराईने त्याच्यापुढे मान लववली, चिखलातून मला उचलले आणि आपल्या बाहीला पुसले. ठरलेले मोल बुडाले. खोऱ्यात नाव खराब झाले ते वेगळेच.

परतीच्या वाटेवर याहेइ घाट चढून आल्यावर म्हणाले, “तू आता सामुराई होणार नाहीस, ह्योसुके.”

“होय, धनी.”

“त्या घोड्यावरच्या गाढवापुढे मी खोटं बोललो. सामुराई खोटं बोलत नाही म्हणे.” ते थोडे हसले. “पोरगं बरं आहे ना?”

“होय, धनी.”

घरी सायोने काही न विचारता मला हातात घेतले. आतला भिजलेला काळा गोळा चुलीपाशी उपडा केला. चिरेवरून अंगठा फिरवला. माझी मात्र लाजेने मेल्याहून मेल्यासारखी अवस्था झाली होती.

“माझा विस्तव विझत नाही,” ती म्हणाली.

“पाणी शिरलं. शिवण उसवली.”

“एवढ्याशा फटीतून एवढं पाणी?”

तिने चुलीत दोन काटक्या सारल्या.

“कुणी विझवला?”

“मी.”

“हातातलं आडनाव घालवलंत. का?”

ह्योसुके ताटलीपुढे बसून जेवू लागला. सायोने नेहमीसारखा मुळा बाजूला काढून ठेवला होता, त्याकडे तो पाहत राहिला. सांगायचे नाही असा रिवाज होता, आणि तो मोडणारा माणूस तो नव्हता. शेवटी ताटलीकडे बघतच तो म्हणाला, “थोडा बारीक झालाय. पण बरा आहे.”

सायोचा हात हवेतच राहिला. कोण, असे तिने विचारले नाही. तिने तोंडावर बाही दाबून धरली आणि तिचे खांदे हलू लागले. मग ती उठली, डोळे पुसले आणि चुलीवरच्या शिंक्याला युझूची नवी साल वाळत घातली.

मित्रांनो, पुढची गोष्ट तुमच्या पुस्तकांत आहे. काही वर्षांनी एका बलाढ्य सरदाराची फौज सगळ्या घाटांनी एकदम इगा खोऱ्यात उतरली. गावोगाव घंटा घणघणू लागल्या. घंटांची वार्ता घाटापलीकडे गेली तेव्हा तोराजी आपल्या धन्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या गावावर संकट आले आहे. त्या भल्या माणसाने त्याला चाकरीतून मोकळे केले. तो घरात शिरला तेव्हा सायो मधल्या वर्षांत झालेल्या चिमुकल्या लेकीला पाठीशी बांधत होती. “अक्का, मुळा ठेवलाय ना?” एवढेच तो म्हणाला.

ह्योसुके आणि याहेइ कोटाच्या मातीवर शेजारी शेजारी लढले आणि तिथेच पडले. एकाला आडनाव होते, एकाला नव्हते. तोराजीने बहिणीला आणि भाचीला डोंगरातल्या आडवाटांनी बाहेर काढले. थंडीने पोरीचे ओठ निळे पडले होते. सायोने माझ्या चिरेवर ओली माती लिंपली, मला भरले आणि लेकीच्या पोटाशी बांधले. सबंध वाटेत मी विझले नाही. पुढे पूर्वेकडच्या नव्या राजधानीत इगाच्या माणसांना किल्ल्याच्या दरवाजाचा पहारा मिळाला. तोराजीलाही मिळाला, आणि त्याबरोबर दोन तलवारी. शिनोबीचे काम करता करता तो सामुराई झाला. तो त्या तलवारी लावायचा आणि मला मात्र अंगरख्याच्या आत ठेवायचा.

मग युद्धे थांबली. माझी गरज सरली. मी पेटीत गेले, पेटीतून माळ्यावर गेले, माळ्यावर उंदरांनी माझ्यात बिऱ्हाड केले, आणि एक दिवस कुणीतरी मला इथे आणून ठेवले. पाटी लिहिणाऱ्याने चीर पाहिली आणि त्याला जे दिसले ते लिहिले. त्याचा तरी काय दोष?

पण तुम्हाला एक विनंती आहे. घरात एखादी जुनी, पोचे पडलेली, चिरलेली वस्तू सापडली तर लगेच निकामी म्हणून फेकू नका. तिला पुसा, हातात धरा, आणि ती चीर कशी पडली ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. माझ्याबद्दल कुणी विचारले, तर तुम्ही सांगा की हिच्यात पाणी शिरले नव्हते. हिला एका माणसाने आपल्या हाताने विझवले, म्हणून सायोचा भाऊ घरी आला.